टॉवर फुल्ल, तरी फोन लागेना!

तुमच्यासोबत हे नक्की झालंय. जामठ्याला मॅच बघायला गेलात, मित्र दुसऱ्या स्टँडमध्ये अडकलाय, मोबाइलवर टॉवरच्या सगळ्या दांड्या ताठ उभ्या, आणि कॉल लावला की नुसतं टूं-टूं-टूं. मग आपण काय करतो? हात उंच करून फोन हवेत धरतो, एरोप्लेन मोड चालू-बंद करतो, कंपनीला चार शिव्या हासडतो आणि पुन्हा डायल करतो. मीही हेच करायची. गेल्या दसऱ्यापर्यंत.

गेल्या दसऱ्याला वणीहून मावशी आणि आजी आमच्याकडे आल्या होत्या, दीक्षाभूमीवर जायचं म्हणून. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे दरवर्षी लाखो लोक येतात हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. राहाटे कॉलनी चौकापासूनच पाय ठेवायला जागा नसते. आम्ही पुस्तकांच्या स्टॉलपाशी पोहोचलो आणि मी म्हटलं, ‘तुम्ही पुस्तकं बघा, मी दोन मिनिटांत स्तूपाचा एक व्हिडिओ घेऊन येते.’ दोन मिनिटांची वीस झाली. परत आले तर दोघी जागेवर नाहीत.

मावशीला फोन लावला. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.’ संपर्क क्षेत्राच्या बाहेर? ती तर इथेच होती, माझ्यापासून फार तर दोनशे पावलांवर! पुन्हा लावला, तेच. मग कॉल जाणंच बंद झालं. आजीला शुगर आहे, सकाळपासून तिनं नीट खाल्लेलं नव्हतं. डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही.

पाऊण तासानं माइकवर घोषणा झाली. आजीचं नाव, गाव वणी, आणि ‘नातेवाइकांनी आरोग्य केंद्राजवळ यावं.’ मी धावतच गेले. आजी खुर्चीवर बसून बिस्कीट खात होती. तिला चक्कर आली होती, स्वयंसेवकांनी उचलून आणलं होतं. मावशीचा चेहरा पांढरा पडलेला. ‘कुठी होती वं तू? फोन लावून लावून माझं बोट दुखलं. लागूनच नाई राहिला!’ मी माझा मोबाइल दाखवला. चार दांड्या. तिनं तिचा दाखवला. चार दांड्या.

त्या रात्री मी माझ्या चुलतभावाला, तो इलेक्ट्रॉनिक्सला आहे, एकच प्रश्न विचारला: दोघींकडे टॉवर फुल्ल होता ना, मग फोन काहून नाही लागला? त्यानंतरचे काही आठवडे मी हेच वाचत बसले. मास कॉमच्या पोरीनं असलं काही वाचायची पहिलीच वेळ, त्यामुळे जे मला समजलं ते तुम्हालाही समजेल, याची खात्री बाळगा.

आधी हाक, मग जागा

पहिली गोष्ट म्हणजे त्या दांड्यांचा आणि फोन लागण्याचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा नाही. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोहोचतोय, एवढंच दांड्या सांगतात. तुमचं त्याला ऐकू जातंय का, त्याच्याकडे जागा शिल्लक आहे का, याबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्याच्या गाडीचा घमघमाट तुम्हाला लांबूनच येतो. म्हणजे प्लेट हातात आली असं होत नाही ना?

हीच गाडी डोळ्यांसमोर ठेवा. गाडीवाला एकच, भोवती शंभर जण. टोकन नाही, रांग नाही. प्रत्येकाला आधी ओरडून स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचंय. दोघं एकाच क्षणी ओरडले तर दोघांचंही ऐकू जात नाही, पुन्हा ओरडावं लागतं. मोबाइलचंही तसंच आहे. खिशात शांत पडलेल्या फोनला टॉवरकडे कुठलीच राखीव जागा नसते. कॉल लावायचा असो की मेसेज पाठवायचा, आधी सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या एका सामाईक वाटेवर फोन एक छोटीशी हाक मारतो: ‘मी इथं आहे, मला जागा द्या.’ 4जी मध्ये एका सेलपाशी अशा हाकांच्या ६४ ठरलेल्या धून असतात. त्यातल्या काही बाजूला राखून ठेवलेल्या, उरलेल्यांमधून तुमचा फोन कुठलीही एक उचलतो. त्याच क्षणी दुसऱ्यानं तीच उचलली की टक्कर. एरवी हा सगळा खेळ सेकंदाच्या छोट्याशा भागात संपतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

ही युक्ती मोबाइलवाल्यांची नाहीच. हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओनं जोडले. प्रत्येकाला वेगळी वाट देणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्यांना एकच वाट दिली. हवं तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला. नाव ठेवलं अलोहा. यात गंमत अशी की या पद्धतीत वाटेचा फार तर १८ टक्के भाग कामी येतो. बोलण्याच्या वेळा आखून दिल्या तर सुमारे ३७ टक्के. त्यापुढे गर्दी वाढली की काम वाढत नाही, उलट घटतं. ओरडणारे जास्त, ऐकू जाणारे कमी.

इथे मी थांबले आणि पाऊण तासात आपण किती वेळा रिडायल दाबलं ते मोजलं. कॉल लॉगमध्ये ३१. मावशीचे ४०च्या वर. आणि आमच्यासारखे त्या मैदानावर किती असतील!

‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’चं कोडंही इथेच सुटलं. कुणी तुम्हाला कॉल करतं तेव्हा टॉवर तुमच्या फोनला आवाज देतो. फोनला ते ऐकू येतं, कारण टॉवरचा आवाज मोठा. पण ‘हो, आहे’ हे उत्तर द्यायला फोनला त्याच गर्दीच्या वाटेवर हाक मारावी लागते. ती पोहोचलीच नाही तर टॉवरच्या लेखी तुम्ही गायब. मावशी संपर्क क्षेत्राच्या बाहेर नव्हती. तिचं ‘हो’ वाटेत चेंगरलं होतं.

तुमच्या सिमचीही एक ‘जात’ असते

टक्कर झालेल्या फोनला टॉवर सांगतो, की थोडं थांब. किती थांबायचं ते प्रत्येक फोन आपल्यापुरतं चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो, नाहीतर सगळे पुन्हा एकदमच ओरडतील. गर्दी त्याहूनही वाढली तर टॉवर सरळ दारच अर्धं लावून घेतो. हे कसं चालतं ते वाचताना मला खरंच धक्का बसला.

तुमच्या सिममध्ये ० ते ९ यांपैकी एक वर्ग लिहिलेला असतो. तो मोबाइल नंबरावरून ठरत नाही. साधारणपणे सिमच्या आतला जो वेगळा ओळख क्रमांक असतो, त्याचा शेवटचा आकडा हा वर्ग ठरवतो. म्हणजे श्रीमंत-गरीब, पोस्टपेड-प्रीपेड असलं काही नाही, निव्वळ आकड्याचा योग. जुन्या 2जी पासूनची ही सोय. गर्दी झाली की टॉवर जाहीर करतो: ‘सध्या ३ आणि ७ वाल्यांनी थांबावं.’ थोड्या वेळानं दुसरे आकडे. 4जी मध्ये याचं रूप फाशांच्या खेळासारखं झालं. टॉवर एक आकडा जाहीर करतो, समजा ०.३. तुमचा फोन मनातल्या मनात ० ते १ मधला कुठलाही एक आकडा काढतो. ०.३ पेक्षा कमी आला तर हाक मारायची, नाहीतर गप्प बसायचं. गप्प बसण्याची मुदत टॉवरच ठरवतो, अंदाजे ४ सेकंदांपासून ५१२ सेकंदांपर्यंत. ५१२ सेकंद म्हणजे साडेआठ मिनिटं!

थोडक्यात, तुम्ही बटण दाबता, स्क्रीनवर ‘कॉलिंग’ येतं आणि कॉल कट होतो, तेव्हा कधीकधी तुमच्या फोननं टॉवरला विचारलेलंच नसतं. नियम पाळून तो गप्प राहिलेला असतो. आपल्याकडे सिग्नलला थांबायची मारामार, आणि खिशातला फोन इतका शिस्तीचा!

आता ‘जाती’कडे येते. ० ते ९ हे तुम्हीआम्ही. त्यावर ११ ते १५ असे खास वर्ग आहेत. १२ सुरक्षा दलांसाठी, १३ पाणी-गॅससारख्या सेवांसाठी, १४ आपत्कालीन सेवांसाठी, ११ आणि १५ नेटवर्क चालवणाऱ्यांसाठी. दार बाकीच्यांना बंद असलं तरी हे आत येऊ शकतात. मधल्या १० चं काम वेगळं. आणीबाणीचा कॉल सध्या घ्यायचा की नाही, हे टॉवर त्यानं कळवतो. तुम्ही ११२ लावता तेव्हा तुमचं साधं सिमही या दारानं आत जाऊ शकतं. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही. (राज्याच्या ११२ यंत्रणेची दोन केंद्रं आहेत, एक नवी मुंबईत, दुसरं आपल्याच नागपुरात.) फक्त पहिली हाक ११२ वाल्यालाही सगळ्यांसारखीच मारावी लागते. ‘माझं काम तातडीचं आहे’ हे हाकेत सांगता येत नाही, ते त्यानंतरच्या निरोपात जातं. म्हणजे दाराशी धक्काबुक्की त्यालाही चुकत नाही.

कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते लंडननं ७ जुलै २००५ ला पाहिलं. भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले, सगळं शहर एकदम फोनला चिकटलं आणि नेटवर्क कोलमडलं. सामान्यांचे फोन रोखून फक्त खास सिमवाल्यांना वाट देण्याची सोय तिथे होती. पण शहरभर ती वापरायची नाही असं वरच्या पातळीवर ठरलं. तरी एका पोलीस दलानं ऑल्डगेट स्टेशनच्या आसपास एका कंपनीच्या नेटवर्कवर ती काही तास चालू करवून घेतली. नंतर लंडनच्या लोकप्रतिनिधींच्या समितीनं चौकशी केली तेव्हा दोन्ही बाजू समोर आल्या. घरच्यांना ‘मी ठीक आहे’ एवढं सांगू पाहणाऱ्या असंख्य लोकांचे कॉल वाया गेले, आणि ज्यांच्यासाठी वाट मोकळी करायची त्या सगळ्यांकडे तरी ती खास सिमं होती का, हाही प्रश्नच होता.

हे वाचताना मला तो दीक्षाभूमीवरचा स्वयंसेवक आठवला, ज्यानं आजीला उचलून आणलं. पोलिसांकडे त्यांचा वायरलेस असतो, त्यांचं गर्दीत अडत नाही. पण या पोराकडे तुमच्यामाझ्यासारखाच फोन होता. पहिला मदतीला पोहोचणारा बहुतेक वेळा असाच कुणीतरी असतो, आणि त्याचं सिम कुठल्याच खास वर्गात बसत नाही.

आत गेल्यावरचा क्रम

दार ओलांडलं की दुसरी वाटणी सुरू होते. 4जी टॉवर दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, ठरवतो की आता कुणाला किती द्यायचं. वाटायला असतात छोटे छोटे तुकडे. २० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १००, ५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अवघे २५. ज्याला सध्या चांगला सिग्नल आहे त्याला द्यायचं, पण त्याला आत्ताच खूप मिळालं असेल तर जरा मागे ठेवायचं, असा साधारण हिशोब. आणि वर कामाचा दर्जा. साधा व्हॉइस कॉल वरच्या दर्जाचा, त्याचा आवाज १०० मिलिसेकंदांच्या आत पोहोचायला हवा. रील, डाउनलोड वगैरेंना ३०० पर्यंत चालतं.

इथे एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसते. व्हॉट्सअ‍ॅप कॉल हा टॉवरच्या लेखी ‘कॉल’ नसतोच. तो साध्या डेटाच्या ढिगात, रील्सच्या शेजारी बसतो. गर्दीत साधा फोन लावायच्या ऐवजी आपण व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावतो तेव्हा आपणच आपला नंबर मागे टाकतो.

आणि आता मला एक कबुली द्यायची आहे. त्या पाऊण तासातल्या पहिल्या वीस मिनिटांत मी काय करत होते? स्तूपाचा व्हिडिओ, तोही 4के मध्ये, इन्स्टावर चढवत होते. चढतच नव्हता. ६२ टक्क्यांवर अडकला, मी रद्द करून पुन्हा लावला. ज्या टॉवरवर मावशी मला हाक मारत होती, त्याच टॉवरचे तुकडे मी खात होते. माझ्या एका रीलमुळे तिचा कॉल अडला असं म्हणणं शास्त्राला धरून होणार नाही, तिथे लाखभर फोन होते. पण त्या लाखात मी होते.

मग प्रश्न उरतो तो पैशांचा. पुढे जायची जागा विकत घेता यावी का? हा प्रश्न आपल्याकडे खरोखर आला होता. २०२० मध्ये एअरटेलनं ‘प्लॅटिनम’ ग्राहकांना 4जी नेटवर्कवर प्राधान्य देऊ केलं, ४९९ रुपये आणि त्यावरचे पोस्टपेडवाले. व्होडाफोन आयडियाचा ‘रेडएक्स’ प्लॅन त्याआधीपासून जास्त वेग देण्याचं सांगत होता. ११ जुलै २०२० ला ट्राय या नियामक संस्थेनं दोघांनाही हे थांबवा असं कळवलं. त्यांचा मुद्दा सोपा होता: याला जास्त देताना बाकीच्यांचं कमी होत नाहीये, हे दाखवा. व्होडाफोन आयडिया दूरसंचार लवादाकडे गेली आणि तिथे ट्रायच्या त्या अंतरिम आदेशाला स्थगितीही मिळाली. ट्रायनं मग कारणे दाखवा नोटीस काढली. शेवटी वेगाचे ते दावे मागे घेतले गेले.

यावर आमच्या कट्ट्यावर मोठा वाद झाला. एक मित्र म्हणाला, ‘अबे, रेल्वेत तत्काळ आहे, एसी डबा आहे, विमानात बिझनेस क्लास आहे. पैसे दिले तर पुढची जागा मिळाली, त्यात काय झालं?’ मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण एसीचा डबा गाडीला जोडला म्हणून स्लीपरची बर्थ आखूड होत नाही. टॉवरकडे मात्र या मिलिसेकंदाला तुकडे शंभरच आहेत. एकाला दहा जास्त दिले तर ते कुणाच्या तरी ताटातूनच जाणार. आणि जास्त टॉवर उभारा म्हणावं, तर शेजारशेजारचे टॉवर त्याच लहरींवर बोलले की एकमेकांच्या कानात ओरडतात. चाकांवरचे टॉवर आणून गर्दीच्या दिवशी थोडी सोय होते, पण तिलाही मर्यादा आहे. मोकळ्या रस्त्यावर प्राधान्य विकलं तर कुणाला कळणारही नाही. ते बोचतं ते फक्त गर्दीत, आणि विकत घेण्यासारखंही ते फक्त गर्दीतच असतं. मला विचाराल तर, अ‍ॅम्ब्युलन्सला वाट द्यायला मी कितीही वेळ थांबेन. ४९९ वाल्याची रील आधी चढावी म्हणून वणीच्या मावशीनं १९९ च्या रिचार्जवर का थांबावं? 5जी मध्ये एकाच नेटवर्कचे वेगवेगळे ‘स्लाइस’ कापून देता येतात, त्यामुळे हा वाद संपलेला नाही. पुढच्या काही वर्षांत तुमच्या रिचार्जच्या पानावर तो नव्या नावानं दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

तोवर गर्दीत जाताना आमच्या घरी आता काही गोष्टी ठरल्या आहेत. चुकामूक झाली तर भेटायची जागा आणि वेळ आधीच सांगायची. आजीच्या बटव्यात नाव, औषधं आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. फोन लागला नाही तर दोन मिनिटं थांबून मगच पुन्हा लावायचा. आणि साधा एसएमएस टाकायचा. तो छोटा असतो, लगेच पोहोचला नाही तर कंपनीचं केंद्र तो साठवून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. मराठीत लिहिलात तर ७० अक्षरांत बसवा, रोमनमध्ये १६० बसतात. व्हिडिओ काढा की, भरपूर काढा, पण चढवा घरी आल्यावर.

माझी रील त्या दिवशी रात्री घरच्या वायफायवर चढली. त्याच सुमारास, नऊ-सव्वानऊला, मावशीचा दुपारचा एक व्हॉइस मेसेज माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडला. आजी शेजारीच चहा पीत होती, म्हणाली, ‘लाव, काय म्हणते ते आयकू.’ मी लावला. मागे माइकचा आवाज, ढोल, माणसांचा गोंगाट, आणि त्यातून मावशी ओरडत होती, ‘अवं पोरी, आजीला चक्कर येऊन राहिली, लवकर ये...’ आजीनं कप खाली ठेवला आणि सतरा सेकंदांचा तो मेसेज शेवटपर्यंत ऐकला.